देवाची अभिवचने आणि मनाचा आनंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रार्थनासभा संपून माणसे पांगू लागली की कुणीतरी बाजूला येऊन हळूच विचारते, "वचन रोज वाचते, पण आनंद का होत नाही?" असे विचारणाऱ्यांचा विश्वास उथळ असतो असे मला कधीच वाटले नाही. उलट ज्यांनी देवाचा शब्द मनापासून धरला आहे, त्यांनाच हा प्रश्न छळतो. पुष्कळदा अडचण एवढीच असते की देवाने काय दिले आहे आणि आपण काय गृहीत धरले आहे, याची सरमिसळ झालेली असते. खालच्या उत्तरांत ती सरमिसळ जमेल तितकी सोडवायचा प्रयत्न केला आहे.

देवाच्या अभिवचनावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे?

देव जे बोलला ते खरे धरायचे आणि त्यानुसार पुढचे पाऊल टाकायचे. त्या वेळी मन भरून आलेच पाहिजे, अशी अट नाही. परिस्थितीकडे पाहायचेच नाही, असेही नाही. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल अब्राहामाबद्दल लिहितो की आपले शरीर थकले आहे आणि साराचे मूल होण्याचे वय कधीच उलटले आहे, हे त्याने नीट ध्यानात घेतले होते. तरीही देव जे बोलला ते करायलाही समर्थ आहे, याची त्याला पक्की खात्री होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी होत्या.

या खात्रीला आधार आहे तो बोलणाऱ्याच्या स्वभावाचा. देव मनुष्य नाही की त्याने लबाडी करावी, असे गणना या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात म्हटले आहे. माणूस शब्द मोडतो याची कारणे आपल्याला ठाऊक आहेत: त्याची नियत फिरते, ताकद कमी पडते, किंवा पुढे काय होणार हे त्याला आधी कळलेले नसते. देवाच्या बाबतीत यातले एकही कारण लागू होत नाही.

आनंद अभिवचन पूर्ण झाल्यावर येतो ना? त्याआधी कसा येईल?

मुलगा सुट्टीत घरी येतोय असा फोन आला की आईचा चेहरा त्याच क्षणी खुलतो. तो अजून गाडीत बसलेलासुद्धा नसतो, पण घर आवरायला सुरुवात झालेली असते. मुलगा शब्दाचा पक्का आहे हे तिला माहीत असते, एवढेच त्यामागचे कारण.

पवित्र शास्त्रातला आनंद पुष्कळदा याच जातीचा आहे. रोमकरांस १५:१३ मध्ये पौल प्रार्थना करतो की आशेचा देव तुम्हाला विश्वास ठेवताना आनंदाने आणि शांतीने भरो. विश्वास ठेवताना, म्हणजे हाती काही पडण्याआधीच. पेत्राचे पहिले पत्र ज्यांना लिहिले गेले त्यांनी येशूला डोळ्यांनी पाहिले नव्हते आणि नाना प्रकारच्या परीक्षांनी ते दुःखी झाले होते. तरीही पेत्र म्हणतो की तुम्ही अवर्णनीय आनंदाने उल्लसित होता. दुःख आणि उल्लास पहिल्याच अध्यायात, दोन-तीन वचनांच्या अंतरावर आहेत आणि पेत्राला त्यात काही विसंगत वाटत नाही.

बायबलमधले प्रत्येक अभिवचन थेट माझ्यासाठीच आहे का?

नाही. या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण माझ्या मते निम्म्याअधिक निराशेचे मूळ इथेच असते.

यिर्मया २९:११ चेच उदाहरण घेऊ. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हाला आशा देणारे आहेत, हे वचन भिंतीवर असते, वाढदिवसाच्या शुभेच्छांत असते, मोबाइलच्या स्टेटसवर असते. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते आवर्जून पाठवले जाते. पण ते एका पत्राच्या मधोमध आलेले आहे, आणि ते पत्र कुणाला गेले होते? इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून धरून नेलेल्या लोकांना. राजा, राजमाता, दरबारी, कारागीर, लोहार असे सगळे त्यात होते. घरदार, मंदिर, आपली माणसे मागे टाकून ते परमुलखात पडले होते.

त्यांना गोड बोलणारे संदेष्टेही भेटत होते. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. ऐकायला किती बरे वाटले असेल! यिर्मया संदेष्ट्याने मात्र पत्रात लिहिले: घरे बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर परमेश्वर तुमची भेट घेईल. हे सगळे सांगून झाल्यावर मग ते हिताच्या संकल्पांचे वचन येते.

परतीची परवानगी देणारे पारसाचा राजा कोरेश याचे फर्मान निघाले इ.स.पू. ५३८ मध्ये. म्हणजे पत्र ऐकताना जे प्रौढ होते त्यांतल्या बहुतेकांनी परतीचा दिवस पाहिलाच नाही. मग ते वचन त्यांच्यासाठी नव्हते का? होते. देवाने आपल्याला टाकलेले नाही, ही शिक्षा म्हणजे शेवट नाही, आपण लावलेल्या झाडाची फळे नातवंडे घेऊन परततील, आणि तोवर या परक्या नगरातही आपली प्रार्थना ऐकली जाते, हे सगळे त्या वचनाने त्यांना दिले. उद्याची मुलाखत चांगली जाईल असा शब्द त्यात कुणालाच दिलेला नाही.

म्हणून वचन उचलण्याआधी निदान अर्धे पान मागचे आणि अर्धे पान पुढचे वाचावे. हे कुणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले? त्याला काही अट जोडली आहे का? साराला पुढच्या वर्षी मुलगा होईल, हे साराबद्दल सांगितलेले होते. अनुवाद या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायातले धान्य, गुरेढोरे आणि शत्रूंवरच्या विजयाचे आशीर्वाद कराराखालच्या इस्राएल राष्ट्राला दिलेले होते, आणि त्याच अध्यायात आज्ञाभंगाचे शापही आहेत. अशा भागांतून आपण देवाचा स्वभाव ओळखावा, त्यातून धीर घ्यावा. पण दुसऱ्याच्या नावावरचे पत्र आपल्या नावावर करून घेऊ नये.

मग मी निःशंकपणे कशाचा आधार घेऊ?

जे ख्रिस्तामध्ये त्याच्या सगळ्या लोकांना दिले आहे त्याचा. देवाची जितकी अभिवचने आहेत त्यांचे होकारार्थी उत्तर ख्रिस्तामध्ये आहे, असे पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१:२०) लिहितो. ती अभिवचने लहान नाहीत. पाप कबूल केले तर तो क्षमा करील आणि शुद्ध करील (१ योहान १:९). युगाच्या समाप्तीपर्यंत तो सर्व दिवस आपल्याबरोबर आहे (मत्तय २८:२०). "मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही" (इब्री १३:५). मागणाऱ्याला तो ज्ञान देतो, आणि तेही दोष न लावता (याकोब १:५). ज्याने आपल्यात चांगले काम सुरू केले तो ते सिद्धीस नेईल (फिलिप्पै १:६). मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, यांपैकी काहीच आपल्याला त्याच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही (रोम ८:३८-३९). आणि मेलेले उठवले जातील.

यात एक अभिवचन असेही आहे जे कुणी फ्रेम करून लावत नाही: "जगात तुम्हांला क्लेश होतील, तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे" (योहान १६:३३). वाक्याचा दुसरा भाग आपल्याला हवा असतो, पण येशूने पहिला भागही तितक्याच स्पष्टपणे सांगून ठेवला. का? माझ्यामध्ये तुम्हाला शांती मिळावी म्हणून, असे तो शिष्यांना त्याच वचनात म्हणतो. क्लेश आले तेव्हा प्रभूने आपल्याला फसवले असे त्यांना वाटू नये, याची काळजी त्याने आधीच घेतली होती.

आजार बरा होईल, नोकरी लागेल, लग्न जमेल असे "वचन मिळाले" असे कुणी सांगितले तर?

प्रार्थना जरूर करा, अगदी कळकळीने. देव बरे करतो, दारे उघडतो. पण अमुक आजार अमुक काळात बरा होईलच, असा सरसकट शब्द शास्त्रात नाही. आणि जिथे देवाने शब्द दिला नाही तिथे त्याच्या नावाने शब्द देणे हे क्रूर आहे. दुसऱ्याच्या घरात मरण येते आणि वर "तुमचा विश्वास कमी पडला" असेही त्यांना ऐकावे लागते. हे थांबले पाहिजे.

पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, असे उत्तर मिळाले. पौलाचा विश्वास तोकडा होता असे कोण म्हणेल?

आणि हेही लक्षात असू द्या की अरण्यातल्या परीक्षेत ९१ व्या स्तोत्रातले अभिवचन सैतानानेच येशूपुढे ठेवले होते: मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील. वचन खरे होते, पण त्याचा वापर देवाला कोंडीत पकडण्यासाठी चालला होता. येशूने ते नाकारले.

वाट पाहून वर्षे लोटली. विश्वास आता थकला आहे. काय करू?

अब्राहामाची गोष्ट वयाच्या आकड्यांसकट वाचा. पंचाहत्तराव्या वर्षी तो हारान सोडतो, मोठे राष्ट्र होशील असा देवाचा शब्द घेऊन. मग एका रात्री देव त्याला तंबूबाहेर आणतो आणि आकाशाकडे बघ म्हणतो: तारे मोजता येत असतील तर मोज, तुझी संतती अशी होईल. अब्राहामाने विश्वास ठेवला. पण त्याच अध्यायात, दोनच वचनांनंतर, वतनाची गोष्ट निघताच तोच अब्राहाम विचारतो, हे मला कशावरून कळावे? देव रागावला नाही, त्याने करार केला.

शहाऐंशीव्या वर्षी साराची दासी हागार हिच्यापासून इश्माएल झाला, कारण सारा आणि अब्राहाम यांनी वाट पाहण्याऐवजी स्वतःच मार्ग काढला. त्यातून हागारेला किती सोसावे लागले हे आपण जाणतो. यानंतर कथा एकदम नव्याण्णवाव्या वर्षावर येते. मधली तेरा वर्षे शास्त्र काहीच सांगत नाही. कदाचित तुम्ही सध्या तशाच काळात असाल, जिथे लिहून ठेवावे असे काही घडत नाही, फक्त दिवस उजाडतो आणि मावळतो.

मग देव पुन्हा बोलतो, आणि अब्राहाम पालथा पडून हसतो: शंभर वर्षांच्या माणसाला मूल होईल काय? साराही तंबूच्या दारामागे मनातल्या मनात हसते. दोघांच्याही हसण्यात अविश्वास होता. पण मूल झाले, आणि साराच म्हणाली की देवाने मला हसवले आहे, ऐकणारा प्रत्येक जण माझ्याबरोबर हसेल. पंचवीस वर्षे लागली. त्या काळात त्यांचा विश्वास सरळ रेषेत चालला नाही, पण देवाचा शब्द त्यांच्या चढउतारांवर टांगलेला नव्हता.

थकला असाल तर देवाला तसेच सांगा. तेराव्या स्तोत्रात दावीद "कोठवर?" असे चारदा विचारतो. प्रार्थनेत तक्रार करायला जागा आहे.

मला अजून रडू येते. म्हणजे माझा विश्वास कमी आहे का?

मेलेल्या लाजराला उठवायला येशू निघाला होता, पुढे काय होणार हे त्याला माहीत होते, शिष्यांना त्याने आधीच सांगितलेही होते. तरी लाजराची बहीण मरीया हिला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो रडला. पुनरुत्थान काही मिनिटांवर असतानाही त्याने रडणाऱ्यांना गप्प केले नाही. यापुढे मला वेगळे काही सांगायची गरज वाटत नाही.

तरी ८८ वे स्तोत्र एकदा वाचा. ते अंधारातच संपते. शेवटी आशेचे एखादे कडवेही नाही. असे गीतही देवाने आपल्या लोकांच्या हातात उपासनेसाठी दिले आहे.

सतत उदास वाटते, झोप नाही, कशातच मन लागत नाही. वचनाने बरे वाटेल का?

डॉक्टरांकडे जा. मनाच्या आजारावर औषध आणि समुपदेशन घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर आजच, आत्ताच जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या. एलीया संदेष्टा अरण्यात झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले. देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. बोलणे पुढे, चाळीस दिवसांच्या प्रवासानंतर झाले.

माझा विश्वासच डळमळीत आहे. अशाने मला काही मिळेल का?

आजारी मुलाच्या बापाने येशूला म्हटले की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर. एवढ्यावर मुलगा बरा झाला. तुमचा विश्वास किती आहे हे मोजत बसू नका. ज्याच्यावर ठेवला आहे त्याच्याकडे पाहा.

मी पाप केले आहे. आता ही अभिवचने माझी कशी?

पश्चात्ताप करणाऱ्यासाठीच क्षमेचे अभिवचन आहे. ५१ व्या स्तोत्रात दावीद व्यभिचार आणि हत्येनंतर देवासमोर उभा आहे, आणि क्षमेबरोबर तो एक गोष्ट धिटाईने मागतो: तुझ्या तारणाचा हर्ष मला परत दे. पाप लपवले की आनंद आटतो, हे त्याने ३२ व्या स्तोत्रात स्वतःच्या हाडांच्या झिजण्याने सांगितले आहे. तेव्हा लपवू नका, आणि परत मागायला लाजू नका.

रोजच्या धावपळीत हे आचरणात कसे आणायचे?

एका दिवशी दहा वचने वाचून विसरण्यापेक्षा एक वचन आठवडाभर वापरा. यशया ४३:२ घ्या. आधी संदर्भ पाहा: देव इस्राएलाला सांगतो आहे की भिऊ नको, मी तुला सोडवले आहे, तुला नावाने हाक मारली आहे. मग त्यात काय आहे आणि काय नाही ते पाहा. पाणी लागणारच नाही, असे देव म्हणत नाही. जलातून चालशील, नद्यांतून जाशील, अग्नीतून चालशील, हे सगळे त्यात आहे. आणि त्या प्रत्येक ठिकाणी राखण आहे, सोबत आहे. ख्रिस्तामध्ये हीच सोबत आपल्यालाही दिली आहे. आता तुमचे आजचे पाणी कोणते ते नाव घेऊन सांगा. रिपोर्ट यायचा आहे, कर्जाचा हप्ता आहे, घरातला अबोला आहे. मोठ्याने बोला: प्रभू, या गोष्टीत तू माझ्याबरोबर आहेस. मन मानत नसेल तरी बोला. ४२ व्या स्तोत्राचा कर्ताही स्वतःच्या जिवाला दटावून विचारतो, तू का खिन्न झालास?

दुसरी सवय लिहिण्याची. आमच्या प्रार्थनागटात एक आजी आहेत. त्यांच्या वहीत डाव्या पानावर विनंती असते आणि उजवे पान कोरे सोडलेले असते, उत्तरासाठी. बरीच उजवी पाने अजून कोरी आहेत. गटात आल्या की त्या कोऱ्या पानांवरच बोट ठेवून त्या आधी आभार मानतात, आणि मग विनंती पुन्हा वाचतात. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये पौल सांगतो तेच हे: आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.

तिसरे, एकटे राहू नका. मंडळीत या, निदान एका विश्वासू माणसाशी बोला. स्वतःचा आवाज बसला असेल त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडून वचन ऐकावे लागते.

दुःखात असलेल्याला कोणते वचन सांगावे?

आधी जाऊन बसा. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे सगळे बरोबर होते. रोमकरांस ८:२८ खरे आहे, देव सगळ्या गोष्टी मिळून कल्याणासाठी कार्य करतो. पण अंत्यविधीच्या दिवशी ते तोंडावर फेकले तर त्याची शिवी होते. "शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा" हीदेखील देवाचीच आज्ञा आहे. वचनाची वेळ येईल. बहुधा तो माणूसच विचारील.

आणि मरेपर्यंत हाती काहीच आले नाही तर?

इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय हा प्रश्न टाळत नाही. अब्राहाम, सारा यांच्यासारखे हे सगळे विश्वासात मेले, त्यांना वचनानुसार फलप्राप्ती झाली नव्हती. त्यांनी ती दुरून पाहून तिला वंदन केले, असे तिथे सरळ लिहिले आहे. वंदन करायला आपण कुणी जवळचे दिसले तरच हात उचलतो. त्यांना ते इतके खरे वाटत होते.

आपल्याला त्यांच्यापेक्षा एक गोष्ट अधिक ठाऊक आहे: येशू तिसऱ्या दिवशी उठला. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आपला विश्वास निष्फळ आहे, असे पौल १ करिंथ १५ मध्ये बेधडक म्हणतो. पण तो उठला आहे, म्हणून कोणतेही अभिवचन पुरे व्हायला आपल्या मृत्यूची आडकाठी होऊ शकत नाही. देव डोळ्यांतले सर्व अश्रू पुसून टाकील, हे प्रकटीकरणातले वचन थडग्याच्या पलीकडचे आहे, आणि मी ते अक्षरशः खरे मानते.

हबक्कूक संदेष्ट्याने तर नुकसानीची यादीच केली: अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. शेतकऱ्याच्या घरात याउपर राहते काय? तरीही मी परमेश्वराच्या ठायी उल्लास पावेन, असे तो पुढच्याच ओळीत म्हणतो. यादीतले एकही पीक परत आले आहे असे पुस्तकात कुठे लिहिलेले नाही.

सुरुवात कुठून वाचू?

फिलिप्पैकरांस पत्रापासून. चारच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात, आणि ते कैदेतून लिहिलेले आहे हे वाचताना विसरू नका. मग रोमकरांस आठवा अध्याय, १०३ वे स्तोत्र, आणि हबक्कूकाचे तीन अध्याय. उत्पत्तीतली अब्राहामाची गोष्ट १२ व्या अध्यायापासून २१ व्या अध्यायापर्यंत सलग वाचा, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे वय कडेला पेन्सिलीने लिहून ठेवा.